‘फोटोत रंग भरलेत’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

इंडोनेशियातल्या कावाह इजेन ज्वालामुखीवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक पर्यटक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी: "निळी आग, निळा लाव्हा वगैरे थोतांड आहे. आम्ही पहाटे पाचला विवरात उभे होतो, निळं काही दिसलं नाही. फोटोत रंग भरून लोकांना फसवू नका. मास्कची भीतीही उगाच घालता. आणि सुंदर ज्वालामुखींत फुजी नाही, मायोन नाही, हा कसला अभ्यास?"

अहो, पटलं नाही तर तसं सांगा की. थेट ‘थोतांड’ आणि ‘फसवू नका’? ज्या वाटेवर रात्री-अपरात्री लोकांना घेऊन जाणं हे माझं कामच आहे, तिथल्या आगीबद्दल मला खोटं बोलून काय मिळणार?

एक मान्य. लेखातला तो फोटो वीस सेकंदांच्या एक्स्पोजरचा, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवून काढलेला आहे, हे खाली लिहायला हवं होतं. तेवढ्या वेळात हलत्या ज्वाळा एकमेकींत मिसळतात आणि निळा ओघळ वाहतोय असं दिसतं. डोळ्यांना दिसतात त्या फिक्या, लपलपत्या जिभा. पण निळ्याच. ट्रायपॉड लावून, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० ठेवून एक-दोन सेकंदांचा फोटो काढलात तर तशाच येतील.

आता तुमचं ‘पहाटे पाचला’. सगळी गोम तिथेच आहे. इजेन जावाच्या पार पूर्व टोकाला, पण घड्याळ जाकार्ताचं. त्यामुळे तिथे सूर्य लवकर उगवतो: डिसेंबरात पाचच्या सुमारास, जुलैत साडेपाचच्या पुढेमागे. म्हणजे पाचला झुंजूमुंजू होऊन गेलेलं असतं. पुण्यातल्या पाचचा अंधार तिथे शोधू नका. चढण सुरू होते त्या पाल्तुडिंगहून विवराच्या कड्यापर्यंत ३ किलोमीटरची खडी वाट, दीड तास धरा. पुढे दगडांवरून विवरात उतरायला पाऊण तास. दोनला निघालात तर सव्वाचारला खाली, हाताशी जेमतेम अर्धा तास. तीनला निघणाऱ्याला धूर दिसतो, आग नाही.

आग विझत नाही, उजेडात दिसत नाही. मुळात तो लाव्हा नव्हेच, आणि मी तसं लिहिलेलंही नाही. लेख पुन्हा वाचा. भेगांतून सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला गंधकाचा वायू बाहेर येतो आणि हवा लागताच पेट घेतो. काही गंधक द्रवरूपात जळत उतारावरून ओघळतं, म्हणून लाव्हाचा भास होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत लोखंडी पळीत चिमूटभर गंधक जाळलेलं आठवतंय? तीच ज्योत. तिथेही मास्तरांनी रंग भरला होता का?

खाणकामगारांनी याच वायूवर नळ बसवलेत. नळात वायू थंडावतो, तोंडाशी गडद लाल द्रव ठिबकतो आणि गोठला की पिवळाधमक होतो. पहारीने फोडून सत्तर-ऐंशी किलोंच्या कावडी खांद्यावरून वर नेतात. नळ फार तापला तर गंधक गोठण्याआधीच पेटतं. म्हणजे तुम्हाला बघायची ती आग त्यांच्या लेखी नुकसान.

आणि पाचला विवरात होतात म्हणता, तर शेजारचं ते हिरवट निळं तळं तरी दिसलं ना? त्याचा पीएच एकपेक्षा कमी, म्हणजे पाणी जहाल आम्ल आहे. त्यातही मीच रंग ओतला असणार!

मास्कचं थोडक्यात. एन-९५ धूळ अडवतो, वायू नाही. इथल्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडला आम्लवायूचं, ‘ई’ खुणेचं, पिवळ्या पट्ट्याचं काडतूस लागतं. दाढी असेल तर कडेने गळती होते. वारा फिरला की धूर अंगावर येतो, तेव्हा मास्क बॅगेत असून उपयोग नाही. मार्च २०१८ मध्ये विवरातून एकाएकी वायू उफाळला आणि सुमारे ३० जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. तुम्हाला काही झालं नाही, आनंद आहे. त्या दिवशी वारा तुमच्या बाजूने होता, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

फुजी, मायोन? लेखाचं शीर्षक ‘कावाह इजेन’ होतं.

पुन्हा जाल तेव्हा दोनला फाटकाशी उभे राहा. बालीहून येणार असाल तर घड्याळ एक तास मागे घ्या. नाहीतर तीनला निघालो म्हणत दोनलाच पोहोचाल. तुमच्या बाबतीत तेच बरं.