एक स्टार, पंचवीस मिनिटं उशीर आणि कणीक

नमस्कार,

आमच्या माडीवरच्या रविवारच्या गाण्याच्या बैठकीला तुम्ही एक स्टार दिलात. कधी नाव न ऐकलेल्या बाई, पाऊण तास नुसतं ‘री रे ना नोम तोम’, पखवाजवाला हात बांधून बसलेला, पंखे बंद, काकूंचे गुडघे धरलेले, वर पंचवीस मिनिटं उशीर. सव्वाआठला तुम्ही दोघं उठून गेलात.

उशीर आमच्यामुळेच झाला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ताजी कणीक लावतात, हे मला ठाऊक होतं. किती सैल, ते नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरातून गेली ती पोळ्यांची, घट्ट, तेलाचा हात लावलेली. वादकांनी बोटानं दाबून पाहिली, हसले आणि परत पाठवली. दुसरी मळून, थापून, थोडी काढून आवाज जमेपर्यंत तुम्ही जिन्यात उभे. तेवढ्यात चहा तरी फिरवायला हवा होता.

बाई माईकशिवाय गायल्या आणि आमचे पंखे खडखडतात, म्हणून ते बंद. उकाडा झाला, कबूल.

खरी चूक मात्र बोर्डवर झाली. गाणं होतं ध्रुपदाचं, म्हणजे ख्यालाहून जुन्या गायकीचं. पण ‘ध्रुपद’ लिहिलं तर कोणी फिरकणार नाही, या भीतीनं मी नुसतं ‘शास्त्रीय गायन’ लिहिलं. तुम्ही ख्याल आणि शेवटी एखादा अभंग, अशा हिशेबानं आलात. मिरजेत कोणीही तसाच येईल. ध्रुपदाच्या आलापाला ठेका नसतो, पखवाज पद सुरू झाल्यावर वाजतो, हे दारातच सांगायला हवं होतं. तुम्ही जिना उतरलात आणि पाचेक मिनिटांत पद आणि पखवाजाचा चौताल सुरू झाला. त्याची चुटपुट अजून आहे.

‘अनोळखी कलाकार आणून आमच्यावर प्रयोग करू नका’ हे मात्र पटलं नाही. प्रयोग माझ्यावरही होताच की. बाईंना मीही त्याच दिवशी पहिल्यांदा समोर बसून ऐकलं. त्याआधी मोबाइलवरचं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग, बस्स. सत्तरांची जागा, आले एकतीस, मानधन गल्ल्यातून पुरं केलं. बाई खर्जात, अगदी खालच्या सुरांत उतरल्या तेव्हा खालच्या फ्रीजची घरघर ऐकू यायला लागली, म्हणून मी हळूच जाऊन तो बंद केला. सकाळी चार लिटर दूध नासलं. तरी पुन्हा बोलावणार आहे त्यांना.

‘किराणा घराण्याच्या गावात किराणाच ठेवा’ म्हणालात. अहो, त्या घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आपल्या दर्ग्यात आहे, पण तेही मूळ उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचेच, बाहेरून आलेले. (आणि मोठ्या नावाचे गवई माझ्या माडीला परवडत नाहीत, हेही आहेच.)

दोन तिकिटांचे सहाशे रुपये गल्ल्यावर ठेवलेत, कधीही घेऊन जा. पुढच्या महिन्यात रुद्रवीणा आहे, तीही ध्रुपदाच्याच अंगानं. या वेळी बोर्डवर तसंच लिहीन, सुरुवातीला बराच वेळ ठेका नाही हेसुद्धा. काकूंसाठी भिंतीकडेला खुर्च्या असतील. पंखे बंदच राहतील.