‘मदतीबद्दल आभार’ म्हणजे नेमके कशाबद्दल?

महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या माझ्या मावसभावाने गेल्या महिन्यात त्याच्या पहिल्या शोधनिबंधाचा मसुदा वाचायला पाठवला. लेखक सात. त्यांतल्या दोघांनी तो मसुदा उघडूनही पाहिलेला नव्हता. एक विभागप्रमुख, दुसरे त्यांचे स्नेही. आणि शेवटी ऋणनिर्देशात एकच ओळ : ‘प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत करणाऱ्या सर्वांचे आभार.’ तीन आठवडे संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून ज्या तंत्रज्ञ काकांनी त्याचे नमुने यंत्रावर चालवून दिले, ते या ‘सर्वां’त आले. मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “ताई, वरची नावं माझ्या हातात नाहीत. आणि काका काही म्हणणार नाहीत.”

या विषयावर तिकडे भारतात नेहमी दोन बाजूंनी बोललं जातं. एक बाजू म्हणते, बढतीच्या गुणांनी हे सगळं बिघडवलं. त्यात तथ्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार दोनपेक्षा जास्त लेखक असले की प्रमुख लेखकाला निबंधाच्या गुणांपैकी ७० टक्के आणि उरलेल्या प्रत्येक सहलेखकाला ३० टक्के मिळतात. प्रत्येकाला, हे महत्त्वाचं. म्हणजे तीन लेखकांचे सात झाले तरी कोणाचंच काही कमी होत नाही. ऋणनिर्देशातल्या नावाला मात्र शून्य. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आलाच पाहिजे ही अट २०२२ मध्ये रद्द झाली, पण विद्यार्थ्यावरचा भार कमी झाला म्हणून प्राध्यापकांच्या बढतीचं गणित बदलत नाही.

दुसरी बाजू म्हणते, परदेशात असं खपवून घेत नाहीत. जर्मनीत अकरा वर्षं संशोधन केल्यावर मला हे ऐकवत नाही. इथल्या संशोधन परिषदेच्या २०१९ च्या संहितेत स्पष्ट लिहिलंय की मानाखातर दिलेलं लेखकपद चालणार नाही आणि केवळ प्रमुखपदामुळे कोणी लेखक ठरत नाही. नियम चांगलाच आहे. पण जे घडतच नाही, त्याच्यासाठी नियम कोण लिहील?

शिवाय, वर फुकटचं नाव घालणं हा अर्धाच अन्याय. ज्याचं नाव वर हवं त्याला खाली ढकलणं हा उरलेला अर्धा, आणि तो पाश्चात्त्य विज्ञानाने भरपूर केला आहे. १९५५ मध्ये फर्मी, पास्ता आणि उलाम या तीन शास्त्रज्ञांच्या नावाने अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलामॉसच्या मॅनिअ‍ॅक संगणकावरच्या एका गणनेचा अहवाल निघाला. भौतिकशास्त्रात तो प्रश्न या तिघांच्या नावाने अर्धशतक शिकवला गेला. आज्ञावली (प्रोग्राम) लिहून संगणकावर चालवणाऱ्या मेरी त्सिंगू तळटीपेतल्या आभारात होत्या. त्यांचं नाव जोडावं असा प्रस्ताव थेट २००८ मध्ये आला. लोकसंख्या-आनुवंशिकीचंही तेच. १९७० ते १९९० दरम्यान त्या विषयातल्या एका प्रमुख नियतकालिकात आलेले निबंध काही संशोधकांनी चाळले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. लेखकांमध्ये स्त्रिया सुमारे ७ टक्के. आज्ञावलीच्या कामाबद्दल ज्यांचे आभार मानले होते त्यांच्यात ४३ टक्के.

पण या दोन्ही गोष्टी उजेडात आल्या कशा? आभाराच्या ओळीत काम काय ते लिहिलं होतं म्हणून. लोकसंख्या-आनुवंशिकीतल्या १९७५ च्या एका गाजलेल्या निबंधात मार्गारेट वू यांचे आभार आहेत, तेही आकडेमोडीबद्दल आणि विशेषतः पहिल्या तक्त्याचे आकडे काढून दिल्याबद्दल. तिथे ‘सर्वांचे आभार’ असतं, तर त्यांच्यावरचा अन्याय सिद्धही करता आला नसता.

हे मी स्वतः शिकले ते आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंकडून. ऋणनिर्देशात नाव घालण्याआधी त्या व्यक्तीची लेखी संमती घ्यावी, असं वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती सुचवते. कारण नाव छापलं की निष्कर्षांना त्यांचा पाठिंबा आहे असा अर्थ निघू शकतो. (निबंध न वाचलेल्या बड्या नावांचे आभार मानण्याची खोडही त्यामुळे जरा आवरते.) म्हणून मी त्यांना ओळ पाठवली : ‘तांत्रिक मदतीबद्दल आभार.’ त्या ती ओळ कागदावर घेऊन आल्या आणि ‘मदत’ या शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, “कोणती?”

मी खुर्ची ओढून दिली आणि आम्ही दोघी ते लिहायला बसलो. पॅराफिनच्या (मेणाच्या) ब्लॉकमधून पाच मायक्रॉनचे काप काढताना ऊतकाला तडे जात होते. ते त्याआधी पाणी काढण्यासाठी अल्कोहोलमध्ये गरजेपेक्षा जास्त वेळ राहून कडक होतंय, हे बाईंनी ओळखलं. त्यांनी आपल्या मनाने प्रत्येक टप्प्याची वेळ कमी करून पाहिली, प्रत्येक फेरीची नोंद ठेवली आणि त्यातून आमची तिसरी आकृती उभी राहिली. हे सगळं खरंखरं लिहिल्यावर ती ओळ ऋणनिर्देशात मावेना. तिची जागा ‘पद्धती’ या विभागात होती आणि तो परिच्छेद त्यांनीच लिहायला हवा होता. त्यांनी तो लिहिला, पूर्ण निबंध तपासला आणि त्या तिसऱ्या लेखिका झाल्या.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, आणि तिच्या मुळाशी मायाच असते. ‘आभार मानून त्यांना परकं करायचं नाही’, ‘त्यांच्या ऋणातच राहायला आवडेल’ असं आपण अगदी मनापासून म्हणतो. घरात ते शोभतं. निबंधात मात्र ज्याला आपण परकं करत नाही, त्याचं कामच नोंदीतून पुसून टाकतो. विभागप्रमुखांबद्दलचा आदर खरा असेल तर तो ऋणनिर्देशात लिहावा : यंत्र वापरू दिलं, निधी मिळवला. यात कमीपणा काही नाही. वैद्यकीय संपादकांच्या त्या समितीच्या निकषांतही नुसता निधी मिळवणं किंवा सर्वसाधारण देखरेख एवढ्यावर लेखकपद मिळत नाही. ऋणनिर्देश त्यासाठीच असतो.

मावसभावाला मी एवढंच सांगितलं की वरची नावं आज हटवता येत नसतील, तर निदान खालची ओळ तुझ्या हातात आहे. काकांनी काय केलं ते क्रियापदासकट लिही आणि त्यांना दाखव. त्याने लिहिलं : ‘नमुन्यांची मोजमापे घेतल्याबद्दल आणि यंत्राचे अंशांकन दर दिवशी तपासल्याबद्दल.’ पुढे नाव घालताना तो अडला. दोन वर्षं रोज भेटूनही त्याला काकांचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. काकांनी नोंदवहीचा एक कागद फाडला आणि त्यावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, वडिलांच्या नावासकट.