वाफ जाते तिथून पाणी येत नाही

बहिणीच्या घराची कौले उतरवून झाली आहेत, वासे उघडे पडले आहेत, आणि अशा ऐन वेळी तिने एक फिरता संदेश पाठवून मला विचारले, “दादा, मेंब्रेन नको म्हणून सांगू का?” संदेशाचा दावा असा: कौलांखाली अंथरायचे ‘श्वास घेणारे’ मेंब्रेन, म्हणजे वाफ जाऊ देणारा पातळ पडदा, ही फसवणूक आहे, ज्यातून वाफ बाहेर जाते त्यातून पाऊस आत येणारच, शिवाय ते उन्हाने विरते, म्हणून जाड प्लास्टिक अंथरावे आणि वळचणीच्या फटी बुजवाव्यात.

वाफ म्हणजे पाण्याचे सुटे रेणू, एकेक सुमारे ०.३ नॅनोमीटरचा, पावसाचा थेंब मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो. मेंब्रेनच्या मधल्या थरातील सूक्ष्म छिद्रांतून रेणू सहज जातात, पण पृष्ठताणामुळे थेंब शिरू शकत नाही. ईएन १३८५९-१ या युरोपीय मानकात डब्ल्यू१ हा वर्ग मिळवायचा असेल, तर २०० मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब २ तास सोसूनही मेंब्रेन गळता कामा नये. उतरत्या छतावर कौलांखाली इतके पाणी साचून राहत नाही.

खरा घातक सल्ला प्लास्टिकचा आहे, कारण तो देणाऱ्याने ओल फक्त बाहेरून येते असे धरले आहे. स्वयंपाक, अंघोळ, वाळत घातलेले कपडे आणि माणसांचा श्वास यांतून घरातच वाफ तयार होते व वर चढते. वाफेने पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेत २० अंश सेल्सिअसला सुमारे १७ ग्रॅम पाणी मावते, शून्य अंशाला जेमतेम ५. उरलेले पाणी थंड पृष्ठभागावर उतरते. आमच्या जुन्या घराच्या छताखाली असेच प्लास्टिक होते. एका थंड पहाटे बॅटरी घेऊन माळ्यावर चढलो, तेव्हा दोन वाशांमधल्या झोळाच्या पोटाशी थेंबांची ओळ लागली होती, त्यांच्या बरोबर खाली फळ्यांवर काळ्या डागांची तशीच ओळ होती आणि वाशाच्या काळवंडलेल्या वरच्या कडेत नख रुतत होते. बाहेर पावसाचा टिपूसही नव्हता. वाफेला होणारा अडथळा ‘एसडी’ मूल्याने, म्हणजे तेवढाच अडथळा करणाऱ्या स्थिर हवेच्या जाडीने, सांगतात: चांगल्या मेंब्रेनचे ते ०.०२ मीटरच्या आसपास असते, तर जाड पॉलिथिनचे कित्येक दहा मीटर. हा फरक माहीत असताना वाशांवर प्लास्टिक ताणणे म्हणजे लाकूड हाताने कुजवणे आहे.

वळचणीच्या फटी बुजवल्या की माळ्यावरची हवा कोंडते, आणि मेंब्रेन असले तरी ती खेळती राहिलेली बरी. ‘श्वास’ हा शब्द दिशाभूल करतो, एवढे मात्र मलाही मान्य करावे लागेल: मेंब्रेनमधून वाफ जाते, वारा जवळजवळ जात नाही.

उन्हाबद्दलचे म्हणणेही अर्धे खरे आहे. मेंब्रेनमधले पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक उन्हातल्या अतिनील किरणांनी ठिसूळ होते, म्हणूनच त्याच मानकात ३३६ तास अतिनील किरण आणि नंतर ७० अंशांत ९० दिवस ठेवून मेंब्रेनची परीक्षा पुन्हा घेतात, हीच वार्धक्य-चाचणी. त्यावरून मेंब्रेन टाळावे असे निघत नाही. कौले लवकर चढवावीत आणि पागोळीपाशी, जिथे कड कायम उजेडात राहते, तिथे ऊन सोसणारी वेगळी पट्टी घालावी, असे निघते. बहिणीला मी कळवले आहे की मेंब्रेन रद्द करू नये, त्याच्या माहितीपत्रकावर एसडी मूल्य आणि वार्धक्य-चाचणीनंतरचाही डब्ल्यू१ वर्ग पाहून घ्यावा, आणि अंथरताना वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढते आहे ना, हे स्वतः उभे राहून पाहावे.