सोलरवरचा तो मेसेज आणि आमच्या गच्चीवरचा हिशेब

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. मजकूर असा: "घरावर सोलर बसवणं म्हणजे शुद्ध फसवणूक. मराठवाड्याच्या उन्हात पॅनल जळून जातात. धुवायला पाणी कुठून आणणार? गारपिटीत काचा फुटतात. लाईन गेली की सोलरही बंद. बिल तरी येतंच. पाच वर्षांत सगळं भंगार. त्यापेक्षा दोन लाख बँकेत ठेवा आणि व्याजातून बिल भरा." तो वाचून सेलूच्या माझ्या मावशीनं पीएम सूर्यघर योजनेत, म्हणजे घरावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, भरलेला अर्ज तिथंच थांबवला. याचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांच्या आधारानं बाकीच्या चुकीच्या गोष्टी खपून जातात. परभणीला आमच्या गच्चीवर दोन वर्षांपासून २ किलोवॅटची चार पॅनल आहेत. रीडिंग मी वहीत लिहून ठेवते.

आधी ऊन. पॅनलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्याच्या वर प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं, म्हणजे भर दुपारी १२ ते १६ टक्क्यांची घट येते. ती खरी आहे. पण घट येणं वेगळं आणि जळणं वेगळं. माझ्या वहीत मार्चमध्ये दिवसाला नऊच्या आसपास युनिट आहेत, मे महिन्यात आठ-सव्वाआठ. दिवस मोठा असतो, त्यामुळं बरंचसं भरून निघतं. जळण्याचा धोका असतो तो बहुतेक वेळा जोडणीत: ढिला कनेक्टर, हलकी वायर, नीट न केलेलं अर्थिंग. बसवणारा माणूस वर चढला की त्याच्यासोबत गच्चीवर उभं राहा आणि हे विचारा. स्लॅब आणि पॅनल यांच्यात वारा खेळायला जागा सोडायला लावा.

पाण्याचा मुद्दा वाचून मात्र मी थोडी चिडले. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसणं काय असतं, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पण चार पॅनल पुसायला मला एक बादली पुरते, तीही उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा. कूलर एका रात्रीत जेवढं पाणी पितो, त्याच्या निम्मंही हे नाही. आणि वीज बनवायला पाणी लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी परळी आठवावी. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं. काळजी घ्यायची ती एवढीच की बोअरचं पाणी वापरलं तर लगेच कोरड्या फडक्यानं पुसायचं. पहिल्या उन्हाळ्यात मी ते तसंच वाळू दिलं आणि काचेवर क्षारांची पांढरी साय धरली. नंतर ती निघता निघेना. पुसायचं ते सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच ओतू नका.

गारपिटीची भीती खोटी नाही. २०१४ ची गारपीट आपण पाहिलेली आहे. पॅनलची काच २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्यानं तपासलेली असते, त्याहून मोठ्या गारेनं ती फुटू शकते. त्यासाठी विमा घ्यावा.

"लाईन गेली की सोलरही बंद" हे खरं आहे, आणि विकणाऱ्यानं ते सांगितलंच पाहिजे. आम्हाला ज्यानं बसवून दिलं त्यानं "आता लाईन गेली तरी फिकीर नाही" असंच सांगितलं होतं. पहिल्याच वळवाच्या पावसात लाईन गेली, वर लख्ख ऊन पडलं तरी घर बंद. मग कळलं की बॅटरी नसलेलं सोलर लाईन गेल्यावर मुद्दाम बंद होतं. तसं झालं नाही तर आपल्या गच्चीवरची वीज तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जाईल. लाईन नसतानाही वीज हवी असेल तर पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर हायब्रिड, म्हणजे बॅटरीवरही चालणारा, आणि सोबत बॅटरी घ्यावी लागते, खर्च बराच वाढतो. बिल कमी करणं आणि लाईन नसताना दिवे लागणं ही दोन वेगळी कामं आहेत. साधं सोलर पहिलंच करतं.

बिल येतंच, हेही खरं. स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो. पण "व्याजातून बिल भरा" हा सल्ला हिशेबात टिकत नाही. घरगुती बिलात पहिली १०० युनिट स्वस्त असतात, साडेपाच-सहा रुपयांच्या घरात. १०१ पासून ३०० पर्यंतचं प्रत्येक युनिट दहा रुपयांच्या वर जातं. सोलर आधी हीच महागडी युनिट खातं. महिना ३०० युनिट वापरणारं घर धरा. २ किलोवॅटमधून महिन्याला सरासरी २४० युनिट मिळतात, म्हणजे किमान २२०० रुपये वाचले, वर्षाचे २६ हजार. खर्च सव्वा लाखाच्या आसपास, त्यात ६० हजार अनुदान खात्यावर परत येतं. मेसेजमधले दोन लाख सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १४ हजार मिळतील.

इथं एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार अनुदान आहे, तिसऱ्याला १८ हजारच. "७८ हजार मिळतात, तीनच घ्या" असा आग्रह होतो, पण ३०० युनिटांच्या घरात तिसरा किलोवॅट स्वस्त युनिटच वाचवतो. घरात न लागलेली वीज लाईनमध्ये जाते आणि बिलातून वजा होते, पण वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटला भावही अगदी कमी मिळतो. आणि ज्यांचा वापरच ७०-८० युनिट आहे, त्यांनी घाई करू नये. त्यांचे पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं लागतील.

"पाच वर्षांत भंगार" याला काही आधार नाही. पॅनलच्या क्षमतेची हमी साधारण २५ वर्षांची असते, वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास घट धरतात. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागेल, त्याचे पैसे आत्ताच हिशेबात धरा. योजनेतून बसवलं तर पाच वर्षं देखभाल बसवणाऱ्याकडं असते. हे कागदावर लिहून घ्या.

मावशीकडून मी बाराही महिन्यांची बिलं मागवली. सरासरी २९० युनिट निघाली, एप्रिल-मेमध्ये कूलरमुळं चारशेच्या जवळ. तिच्या गच्चीच्या दक्षिणेला पाण्याची टाकी आहे आणि शेजारी कडुलिंबाचं झाड. एका पॅनलवर सावली पडली तरी ओळीतल्या बाकीच्यांची वीज घटते, म्हणून रविवारी सकाळी नऊला सेलूच्या गच्चीवर खडू घेऊन जाणार आहे. सावली जिथवर येते तिथं रेघ मारायची, दुपारी तीनला पुन्हा मारायची. मधल्या जागेत चार पॅनल बसली तर सोमवारी तिचा अर्ज पुढं जाईल.