पसायदान हा अभंग नव्हे

आषाढी जवळ आली की एक मेसेज पुन्हा फिरू लागतो: ‘ज्ञानेश्वरीत माउलींचे नऊ हजार अभंग आहेत, पसायदान हा त्यातला शेवटचा.’ भाव चांगला आहे, माहिती चुकीची. ज्ञानेश्वरीत आहेत त्या ओव्या, साधारण नऊ हजार. पसायदानही अठराव्या अध्यायाच्या अखेरच्या ओव्यांमधलं. ते चाल लावून गायलं जातं, म्हणून घोळ होत असावा.

ओवी आणि अभंग यांतला फरक कानालाच कळतो. ‘आतां विश्वात्मकें देवें, येणें वाग्यज्ञें तोषावें, तोषोनि मज द्यावें, पसायदान हें.’ पहिल्या तीन चरणांत यमक, चौथा आखूड आणि यमकाबाहेर. अक्षरांची संख्या ठरलेली नाही, त्यामुळे ओवी बोलण्यासारखी लांबते, आटते. निरूपणाला हेच हवं असतं. चौथ्या चरणाशी वाक्य अलगद खाली टेकतं.

आता तुकोबांचं ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनियां’ बोटांवर मोजा: सहा, सहा, सहा, चार अक्षरं. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, ‘विटेवरी’ला ‘कटावरी’. हा मोठा अभंग. ठरलेल्या मापामुळे टाळाचा ठेका सहज बसतो आणि शंभर जण एका सुरात म्हणू शकतात. छोट्या अभंगात बहुधा आठ-आठ अक्षरांचे दोन चरण येतात, ‘जे का रंजले गांजले’ तसाच.

माउलींनी अभंगही रचले, हरिपाठ त्यातलाच. पण तो ज्ञानेश्वरीत नाही. जात्यावरची ओवी आणखी निराळी, ती गाण्यासाठीचीच.