ब्लीचवर कोणी बोललं नाही

शाळेच्या ग्रुपवर रविवारी कोणीतरी डाबरच्या फेम ब्लीचची २०२१ची ती जाहिरात पुन्हा टाकली. दोन तरुणी करवा चौथची तयारी करतात, एक दुसरीच्या चेहऱ्याला ब्लीच लावते आणि शेवटी चाळणीतून दोघी एकमेकींनाच बघतात. मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी कारवाईची तंबी दिली, डाबरनं माफी मागून जाहिरात मागे घेतली, सगळं तेव्हाच होऊन गेलं. तरी नागपुरात महालापासून मनीषनगरपर्यंत सगळे पेटले. "संस्कृतीची वाट लावून राहिले बे हे!"

बापा, कोणत्या संस्कृतीची? आमच्या आया वडाला दोरा गुंडाळायच्या. चाळणी घरात होती ती पीठ चाळायला.

मी लंडनहून ठणकावलं. इथे जून २०१९मध्ये बायका-पुरुषांच्या ठरीव चित्रणाविरुद्ध नियम लागू झाला आणि ऑगस्टमध्ये पहिल्या दोन जाहिरातींवर बंदी आली. फिलाडेल्फिया चीजच्या जाहिरातीत दोन बाप खाण्याच्या नादात बाळांना सरकत्या पट्ट्यावर विसरतात. फोक्सवॅगनच्या जाहिरातीत पुरुष अंतराळात तरंगतात, बाई बाबागाडीशेजारी बसलेली. बघा, इथे बंदी येते ती बापांना मठ्ठ दाखवलं म्हणून!

"बंदी ती बंदीच ना," इतवारीतला मित्र म्हणाला. मी नुसता हसरा चेहरा टाकला. भारतातही एएससीआयनं, म्हणजे जाहिरातवाल्यांच्याच स्वनियमन संस्थेनं, जून २०२२मध्ये अशीच मार्गदर्शक तत्त्वं काढली, हे मला ठाऊक होतं. मुद्दाम लिहिलं नाही. पण तक्रार तपासून निर्णय देणं वेगळं आणि मंत्र्यानं डोळे वटारणं वेगळं, हे मी अजूनही म्हणते.

गंमत म्हणजे एवढ्या भांडणात ब्लीचवर कोणी बोललं नाही. दोन बायकांनी प्रेम करावं का यावर रात्रभर मेसेज, आणि त्यांनी उजळावं यावर सगळ्यांचं एकमत. मीही गप्पच. ते ब्लीच मला चांगलं माहीत आहे. लग्नाआधी काकूनं धरमपेठेतल्या पार्लरात नेलं होतं. क्रीममध्ये भुकटी कालवली की नाकात जाणारा तो उग्र वास, वरच्या ओठावरची चुरचुर, तोंडासमोर टेबलफॅन, आणि "हलायचं नाही, बोलायचं नाही". मग आरशात गालावरची लव सोनेरी. २०२०मध्ये 'फेअर अँड लव्हली'तलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं, तेव्हा मी फेसबुकवर मोठी पोस्ट लिहिली होती. दिवाळी जवळ आली की इथल्या हॅरो भागातल्या पार्लरात मात्र अजून तोंड पुढे करून बसते.

आणखी एक गोष्ट ग्रुपवर सांगितलेली नाही. मागच्या उन्हाळ्यात आई आली होती. बसस्टॉपच्या काचेवर गादीची जाहिरात: पांढऱ्या चादरीवर दोन पुरुष, एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर. मी सरळ आई आणि काचेच्या मधे जाऊन उभी राहिले. आमच्या घरी टीव्हीवर कंडोमची जाहिरात लागली की बाबा आवाज बंद करून मला पाणी आणायला पाठवायचे, अगदी त्याच चपळाईनं. वर पर्समध्ये बसचं ऑइस्टर कार्ड शोधायचं सोंग. कार्ड हातातच होतं.

"काहून उभी राहिली मधात?" आई म्हणाली. "सरक. गादीचा भाव वाचू दे."