‘नेट फास्ट आहे ना, मग फोनला अ‍ॅडमिन कशाला?’

ऑफिसचा खर्च बघणाऱ्या मंडळींमध्ये एक मेसेज आवडीने पुढे ढकलला जातो. त्याचं सार असं: आता फोन इंटरनेटवर चालतात, त्यामुळे नेट फास्ट असलं की आवाज चांगलाच येणार, एकदा बसवलेली सिस्टिम आपोआप चालत राहते, पासवर्ड टाकला की सुरक्षेचं काम संपलं, आणि सगळं क्लाउडवर नेलं की फोनची सिस्टिम सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनचा पगार वाचतो. पगार वाचतो हे खरं. बाकीचं जरा तपासून बघू.

आधी स्पीड. जी.७११ कोडेकमध्ये (आवाजाचा डेटा करण्याची एक पद्धत) साधारणपणे २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात, म्हणजे डेटाच्या एका छोट्या पुडक्यात, बसतो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट. हेडर, म्हणजे पॅकेटावरचा पत्ता वगैरे, धरून एका कॉलला एका दिशेने जेमतेम ८७ केबीपीएस लागतात. एकाच वेळी ३० कॉल चालले तरी तीन एमबीपीएसच्या आत भागतं. मग इतक्या ठिकाणी आवाज तुटतो कशामुळे? कोणीतरी मोठी फाइल वर चढवायला घेतो, राउटरच्या रांगेत तिची पॅकेट साचतात आणि आवाजाची पॅकेट मागे अडकतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. पॅकेट त्यापेक्षा रेंगाळली की दोघं एकदमच बोलायला लागतात. म्हणून आवाजाला वेगळं व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं आभासी नेटवर्क), पॅकेटवर डीएससीपी ४६ची (‘मला आधी जाऊ द्या’ सांगणारी) खूण आणि बाहेर जाणाऱ्या लिंकवर त्या खुणेला अग्रक्रम, एवढं कोणीतरी बसून करावं लागतं. यातलं काहीच स्पीड टेस्टमध्ये दिसत नाही.

‘एकदा बसवलं की चालत राहतं’ हा दावा तर या धंद्यातल्या कोणालाही हसवेल. नेहमीची तक्रार घ्या: कॉल लागतो, बोलणं नीट होतं आणि अर्ध्या मिनिटात कट. दर वेळी तेवढ्याच वेळाने. लॉगमध्ये बघितलं तर ३२ सेकंद. सिपमध्ये, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याच्या नियमांत, फोन उचलणारी बाजू ‘२०० ओके’ (‘कॉल घेतला’) पाठवते आणि समोरून एसीके (‘पोचलं’) यायची वाट बघते. तो आला नाही तर पुन्हा पुन्हा ‘२०० ओके’ पाठवून ६४ गुणिले अर्धा सेकंद थांबते आणि शेवटी स्वतःच ‘बाय’, म्हणजे कॉल संपवण्याचा संदेश, पाठवून मोकळी होते. एसीके हरवतो, कारण बऱ्याचदा कॉन्टॅक्ट हेडरमध्ये (‘पुढचे संदेश इथे पाठवा’ सांगणाऱ्या ओळीत) १९२.१६८ने सुरू होणारा, फक्त ऑफिसच्या आत चालणारा पत्ता तसाच बाहेर गेलेला असतो. आदल्या दिवशी राउटर बदललेला असतो, त्यात सिप एएलजी (सिपच्या संदेशांतले पत्ते परस्पर बदलणारी सोय) चालू असतं किंवा नॅटची (आतल्या पत्त्याचा बाहेरचा पत्ता करण्याची) सेटिंग राहून गेलेली असते. डॅशबोर्डवर मात्र सगळे फोन हिरवेगार! पॅकेट कॅप्चर, म्हणजे ये-जा करणाऱ्या पॅकेटांची नोंद, वाचता येणारा माणूस नसेल, तर अशा तक्रारीवर आठवडाभर ‘नेटचा प्रॉब्लेम’ एवढंच उत्तर मिळत राहतं. टीएलएस सर्टिफिकेटची (सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या ओळखपत्राची) मुदत संपून फोन सर्व्हरकडे रजिस्टरच न होणं हा आणखी एक नेहमीचा प्रकार.

पासवर्डचं म्हणाल तर सिपचा ५०६० पोर्ट बाहेर उघडा ठेवून लॉग बघा. बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) आपले १००, १०१, १००१ असे एक्स्टेन्शन, म्हणजे ऑफिसमधले आतले नंबर, चाचपत बसलेले दिसतील. एखाद्या १०१चा पासवर्डही १०१ निघाला, की शनिवारी रात्री महागड्या परदेशी नंबरांवर कॉल सुरू होतात आणि त्या बिलातला वाटा चोराला मिळतो. पोर्ट बदलल्याने लॉगमधली गर्दी कमी होते, धोका फारसा कमी होत नाही. खरा बंदोबस्त डायल प्लॅनमध्ये (कोण कुठे फोन लावू शकेल याच्या नियमांत) आणि मर्यादांमध्ये असतो: ज्याला गरज नाही त्याचे परदेशी कॉल बंद, एका वेळी किती कॉल जातील याला मर्यादा, ट्रंकवाल्याकडे, म्हणजे बाहेरची लाइन देणाऱ्या कंपनीकडे, खर्चाची कमाल रक्कम ठरवलेली. नोकरी सोडून गेलेल्यांची एक्स्टेन्शन काढून टाकणंही त्यातच आलं.

वीज गेल्यावर काय होतं, याबद्दल तो मेसेज गप्प आहे. जुन्या फोनला एक्स्चेंजकडून तारेतूनच ४८ व्होल्ट मिळायचे. इथे पीओई स्विच (नेटच्या केबलमधूनच फोनला वीज देणारा), राउटर, मोडेम यातलं कुठलंही एक यूपीएसवर नसेल तरी टेबलावरचा फोन मुका.

क्लाउडच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. सर्व्हरचे पॅच, डिस्क, डेटाबेसचा बॅकअप ही डोकेदुखी खरोखरच दुसऱ्याकडे जाते. लहान ऑफिसने तेच करावं, असं माझंही मत आहे. पण ऑफिसच्या आतलं नेटवर्क, डायल प्लॅन, कोणाला कोणते अधिकार द्यायचे आणि सुट्टीच्या दिवशी कॉल कुठे वळवायचा, हे पुरवठादार तुमच्यासाठी ठरवत नाही. करार करण्याआधी त्याला एवढंच विचारा: आवाज एकाच बाजूने ऐकू येतोय अशी तक्रार आली, तर कॅप्चर कोण घेणार, तुम्ही की आम्ही?